न पोचलेल्या चेंडूचा हिशेब

(नंदुरबार येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी उभं आयुष्य मैदानावर मुलं घडवण्यात घालवलं. म्हणून संयोजकांनी 'खेळावर बोला' म्हटल्यावर मी विषय लगेच सांगून टाकला. क्षेत्ररक्षणाची पारख. फलंदाज कसा आहे, गोलंदाज कसा आहे, यावर आपल्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा तासभर वाद रंगतो. क्षेत्ररक्षकाबद्दल मात्र दोनच शेरे ऐकू येतात. 'काय झेल घेतला!' नाहीतर 'हातातला झेल सोडला!' दिवसभर तो खेळाडू उन्हात उभा असतो, प्रत्येक चेंडूला वाकतो, पाय सरसावतो, आणि संध्याकाळी त्याचा निकाल या दोनांपैकी एका वाक्यात लागतो. हे अन्यायाचं आहे, आणि निवड समितीच्या टेबलावर तर हा अन्याय मुलांना फार महाग पडतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. क्षेत्ररक्षक किती चांगला, हे ठरवायचं असेल तर त्याच्या जागेकडे एकूण किती चेंडू आले, ते किती अवघड होते आणि त्यांतल्या कितींपर्यंत तो पोचला, याची मोजदाद हवी. सुटलेले झेल आणि घेतलेले झेल हा त्या हिशेबाचा एक तुकडा आहे.

उदाहरण घरचंच घेऊ. एकनाथ सोलकर. जन्म १८ मार्च १९४८, मुंबईचा. वडील मरीन ड्राइव्हवरच्या हिंदू जिमखान्यात मैदानाची देखभाल करत, आणि हा मुलगा त्या मैदानावरच वाढला. तो २७ कसोटी सामने खेळला. त्यात १०६८ धावा, एकच शतक आणि १८ बळी. नुसते हे आकडे वाचले तर तुम्ही म्हणाल, ठीक आहे, कामचलाऊ अष्टपैलू. पण याच २७ सामन्यांत त्याने ५३ झेल घेतले. म्हणजे सामन्यामागे जवळपास दोन. ज्यांनी वीसपेक्षा जास्त कसोटी सामने खेळले आहेत, अशा यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंमध्ये हे प्रमाण सर्वांत वरचं मानलं जातं. २६ जून २००५ रोजी सोलकर गेले. जुने रसिक आजही त्यांचं नाव निघालं की आधी हाताच्या ओंजळीची खूण करतात, बॅटची करत नाहीत.

त्यांची जागा फॉरवर्ड शॉर्टलेग. फलंदाजाच्या पुढे, लेगच्या बाजूला, दोन-तीन पावलांवर. डोक्यावर हेल्मेट नाही. फलंदाजाने स्वीप मारला तर चेंडू थेट तोंडावर. अशा जागी उभं राहणाऱ्याची नैसर्गिक प्रवृत्ती अंग चोरण्याची असते. बॅट वर उठली की मान फिरते, वजन टाचांवर जातं. सोलकर गुडघ्यात वाकून, चवड्यांवर वजन ठेवून, तळवे जमिनीकडे उघडे ठेवून बसत, आणि बॅट खाली येईपर्यंत हलत नसत. हे 'न हलणं' हेच त्या जागेवरचं पहिलं कौशल्य आहे, आणि ते कुठल्याही धावफलकात येत नाही.

आता २४ ऑगस्ट १९७१ आठवा. म्हणजे तुमच्यापैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांनी आठवा, बाकीच्यांनी आजोबांना विचारा. लंडनचं ओव्हल मैदान. अजित वाडेकरांच्या संघाने त्या दिवशी इंग्लंडला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा हरवलं. त्याच्या आदल्या दिवशी इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला होता. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, हे सगळ्यांना पाठ आहे आणि तसं ते असायलाच हवं. पण त्या डावाचा धावफलक क्षेत्ररक्षकाच्या नजरेने वाचून पाहा.

ॲलन नॉट, झे. सोलकर गो. वेंकटराघवन, १. पहिल्या डावात याच नॉटने ९० धावा काढल्या होत्या. तो टिकला असता तर इंग्लंडची आघाडी कुठवर गेली असती कोण जाणे. वेंकटचा चेंडू त्याच्या बॅटीला लागून पुढे, अगदी जमिनीलगत उडाला, आणि सोलकरनी पुढे सूर मारून, अंग पूर्ण लांबवून, तो गवताला टेकण्याआधी बोटांवर घेतला. दुसरा कोणी तिथे असता तर चेंडू त्याच्यापुढे एक-दीड फुटावर पडला असता, आणि कोणीही त्याला दोष दिला नसता. 'झेल सोडला' असंही कोणी म्हटलं नसतं, कारण झेल होता हेच कोणाला कळलं नसतं. माझा सगळा विषय या एका चेंडूत आहे.

त्याच धावफलकावर आणखी दोन ओळी आहेत. जेम्सन, धावबाद १६. समोरून लकहर्स्टने सरळ फटका मारला, चेंडू चंद्रशेखरच्या हाताला लागून यष्ट्यांवर गेला आणि बिचारा जेम्सन पुढे आलेला. यात क्षेत्ररक्षणाचं कौशल्य किती आणि योग किती? पण नोंद तीच, जी सीमारेषेवरून धावत येऊन अचूक फेक करणाऱ्याच्या वाट्याला येते. किंबहुना तीही नाही, कारण जुन्या धावफलकात धावबादपुढे क्षेत्ररक्षकाचं नावच नसे. आणि डॉलिव्हेरापुढे लिहिलंय 'झे. बदली खेळाडू'. तो बदली होता हैदराबादचा जयंतीलाल. भारताच्या सर्वांत मोठ्या विजयांपैकी एकात त्याने एक महत्त्वाचा झेल घेतला, आणि पत्रकात त्याचं नाव आलं नाही. मी अनेक वर्षं गुणलेखकाच्या टेबलावर बसतो, म्हणून हे मला टोचतं. आपली वही फलंदाजाची धाव न धाव टिपते, गोलंदाजाचा चेंडू न चेंडू टिपते, आणि अकरातल्या बाकी सगळ्यांना एका 'झे.'मध्ये गुंडाळते.

मग झेलांची संख्या तरी खरं सांगते का? बघू या. अजिंक्य रहाणे, ८५ कसोटींत १०२ झेल. मराठी घरातला राहुल द्रविड, १६४ कसोटींत २१० झेल, बरीच वर्षं तो जागतिक विक्रम होता. आणि जाँटी ऱ्होड्स, ५२ कसोटींत फक्त ३४. आता ऱ्होड्स हा रहाणेच्या निम्म्याने चांगला क्षेत्ररक्षक होता असं म्हणणारा माणूस मला अख्ख्या खानदेशात दाखवा! रहाणे आणि द्रविड स्लिपमध्ये उभे राहत, जिथे बॅटीची कड घेऊन चेंडू येतोच येतो. ऱ्होड्स पॉइंटला. तिथे झेल कमी, पण धावा अडवायच्या असतात. १४ नोव्हेंबर १९९३ ला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर याच ऱ्होड्सने वेस्ट इंडीजविरुद्ध एका एकदिवसीय सामन्यात पाच झेल घेतले आणि सामनावीर ठरला. पण त्याची रोजची कमाई वेगळीच होती. त्याच्याकडे चेंडू गेला की फलंदाज धाव घ्यायचीच नाही असं ठरवून टाकत. ती न काढलेली धाव कुठे लिहिणार?

रहाणेचंही बघा. ऑगस्ट २०१५, श्रीलंकेत गॉलचा सामना. एकाच कसोटीत आठ झेल; यष्टिरक्षक सोडून दुसऱ्या कोणाला त्याआधी हे जमलं नव्हतं. हात अप्रतिम होते, यात वाद नाही. पण त्या खेळपट्टीवर चेंडू वळत होता, अश्विन फिरवत होता, कडा मिळत होत्या. संधी आल्या म्हणून झेल आले. आणि तो सामना भारत हरला, शेवटच्या डावात ११२ धावांत गारद होऊन. आठ झेलांचा मानकरी पराभूत संघात बसला होता, आणि त्याने त्या झेलांची किंमत कमी होत नाही.

याहून बोलकं उदाहरण महाराष्ट्राकडून खेळलेल्या यजुर्वेंद्र सिंग यांचं. १९७७ मध्ये बंगलोरला इंग्लंडविरुद्ध कसोटी पदार्पण, आणि त्या पहिल्याच सामन्यात सात झेल, त्यांतले पाच एका डावात. दोन्हींत जागतिक विक्रमाची बरोबरी. पुढे ते एकूण चारच कसोटी खेळले, आणि झेल ११. आता भागाकार केला तर सामन्यामागे पावणेतीन येतात, सोलकरपेक्षाही खूप जास्त. म्हणून ते सोलकरपेक्षा श्रेष्ठ ठरतात का? चार सामन्यांवर असा निवाडा देता येत नाही. आपल्या नंदुरबारच्या पथारीवर लाखांची मिरची वाळत असते, ती कोणी वरच्या एका मुठीवरून विकत घेत नाही. व्यापारी ढिगाच्या पोटात हात घालतो. खेळाडूच्या बाबतीतही तेवढी सवड घ्यायला हवी.

यष्टिरक्षकाची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. जानेवारी १९८८, मद्रास. नरेंद्र हिरवाणीचं पदार्पण, वेस्ट इंडीजविरुद्ध सामन्यात १३६ धावांत १६ बळी. यष्टींमागे बडोद्याचे किरण मोरे. त्यांनी त्या एका सामन्यात सहा फलंदाजांना यष्टिचीत केलं, त्यांतले पाच दुसऱ्या डावात. मोरे ४९ कसोटी खेळले आणि यष्टिचीत एकूण २०. म्हणजे उरलेल्या ४८ सामन्यांत मिळून १४. त्या चार-पाच दिवसांपुरते त्यांचे हात अचानक जादूचे झाले होते का? नाही. अनोळखी लेगस्पिनर, वळणारी खेळपट्टी आणि पुढे येऊन फटकावायला निघालेले फलंदाज, असा योग जुळला होता. मोऱ्यांचं कौतुक यासाठी, की योग जुळला तेव्हा ते तयार होते. त्यांच्या आधीच्या पिढीत मुंबईचे नरेन ताम्हाणे २१ कसोटींत १६ यष्टिचीत करून गेले. त्यांच्यापुढे सुभाष गुप्ते आणि विनू मंकड गोलंदाजी करत होते. गोलंदाज कोण, हे विचारल्याशिवाय यष्टिरक्षकाचे आकडे वाचूच नयेत.

इथे मला तुम्हाला क्रिकेटच्या चुलतभावाकडे न्यायचंय, बेसबॉलकडे. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांत आहेत, तेव्हा तुमच्यापैकी काहींना हा खेळ नवा नाही. अमेरिकेत या एकाच प्रश्नावर दीडशे वर्षं डोकेफोड झाली आहे. गंमत म्हणजे त्यांच्या धावफलकाचा पाया ज्याने घातला तो हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. पण बेसबॉलवाल्यांनी एक गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी केली. क्षेत्ररक्षकाची चूक त्यांनी धावफलकात अधिकृतपणे नोंदवायला सुरुवात केली. चूक आहे की नाही, हे अधिकृत गुणलेखक ठरवतो. साधारण प्रयत्नात जे जमायला हवं होतं ते जमलं नाही, तर चूक. मग बाद करण्यात ज्या ज्या वेळी हात लागला ते एकीकडे आणि चुका दुसरीकडे मांडून टक्केवारी काढायची. शंभरात अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव. ज्याची टक्केवारी जास्त, तो चांगला.

वाचायला किती न्याय्य वाटतं! पण यात एक मोठी गफलत आहे. समजा दोन खेळाडू एकाच जागी खेळतात. चेंडू डावीकडे दहा फुटांवरून चाललाय. पहिला दोन पावलं टाकतो, जमणार नाही म्हणून थांबतो, चेंडू निघून जातो. त्याच्या खात्यावर चूक नाही. फलंदाजाने चांगला फटका मारला, एवढंच. दुसरा झेपावतो, चेंडू त्याच्या हातमोज्याला लागून निसटतो. आता गुणलेखकाची पेन्सिल थबकते, आणि कधी कधी चूक लागते. पहिल्याची टक्केवारी शाबूत, दुसऱ्याची खाली. जो पोचला त्याला शिक्षा आणि जो पोचलाच नाही तो स्वच्छ. आपल्या मैदानावर तर रोज हेच चालतं.

ही गफलत बिल जेम्स या अभ्यासकाने १९७०च्या दशकात लोकांसमोर ठळकपणे मांडली. चुका मोजू नका, सामन्यामागे हा माणूस किती जणांना बाद करण्यात हातभार लावतो ते मोजा, असा त्याचा आग्रह. पुढे मैदानाचे काल्पनिक चौकोन पाडून, कुठल्या चौकोनात किती वेगाने आलेला चेंडू सर्वसाधारण खेळाडू कितीदा अडवतो हे काढलं गेलं, आणि प्रत्येकाला त्या सरासरीशी ताडून पाहिलं गेलं. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च लीगच्या सगळ्या मैदानांवर कॅमेरे आणि रडार बसवले गेले. खेळाडू कुठून निघाला, किती धावला, चेंडू हवेत किती वेळ होता, सगळं मोजलं जातं.

यातून धक्के बसले. न्यूयॉर्क यांकीजचा डेरेक जीटर, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या शॉर्टस्टॉप या जागेचा लाडका खेळाडू. हवेत उडी घेऊन तो फेकायचा, ती फेक बघायला लोक तिकीट काढायचे. उत्तम क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लव्ह हा मानाचा किताब त्याला पाच वेळा मिळाला. चेंडूगणिक हिशेब मांडणाऱ्यांना मात्र तो बहुतेक हंगामांत सरासरीच्याही खाली दिसला, कारण डावी-उजवीकडचे बरेच चेंडू त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. जे पोचायचे ते तो सुंदर टिपायचा. डोळ्यांना सुंदर तेवढंच दिसतं. याहून मोठी गोष्ट १९९९ची. राफाएल पाल्मेरो त्या वर्षी पहिल्या बेसवर फक्त २८ सामने खेळला, बाकी हंगाम नुसती फलंदाजी केली, आणि तरीही पहिल्या बेसचा गोल्ड ग्लव्ह त्यालाच मिळाला. मत देणारे होते संघांचे व्यवस्थापक आणि प्रशिक्षक, खेळातली जाणती माणसं. त्यांनी नाव पाहिलं, फलंदाजी पाहिली, आणि मत टाकलं. म्हणून २०१३ पासून त्या किताबात आकड्यांनाही हिस्सा दिला गेला, सुमारे चौथा. तीन भाग जाणकारांचं मत, एक भाग मोजमाप. माझ्या मते ही वाटणी शहाणपणाची आहे. नुसत्या डोळ्यावर विसंबलं तर पाल्मेरो होतो, आणि नुसत्या आकड्यावर विसंबलं तर मद्रासच्या खेळपट्टीचं श्रेय एकट्या यष्टिरक्षकाला जातं.

आता कोणी म्हणेल, रडार आणि कॅमेरे अमेरिकेत, आम्ही धडगावच्या डोंगरात काय करायचं? अक्कलकुव्याच्या, तळोद्याच्या शाळेत चेंडूच तीन, त्यातला एक फाटका. मी म्हणतो, आपल्याकडे खो-खो आहे की. बचाव कसा मोजावा हे महाराष्ट्राने केव्हाच शोधून ठेवलंय. खो-खोच्या गुणपत्रिकेत पळणारा किती मिनिटं आणि किती सेकंद टिकला याची नोंद होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतं, अमुकने २ मिनिटं १० सेकंद संरक्षण केलं. तो शेवटी बाद झाला म्हणून कोणी त्याला नालायक ठरवत नाही. आणि त्याच्या मिनिटांपुढे गडी बाद करणाऱ्याचे गुणही स्वतंत्र येतात. कबड्डीत यशस्वी पकडींचा आकडा असतो. एक घड्याळ, एक पेन्सिल आणि एक लक्ष देणारा माणूस एवढ्यावर हे सगळं चालतं. आपल्या मातीतल्या खेळाने बचाव करणाऱ्याला जो मान दिला, तो क्रिकेटने अजून दिलेला नाही, असं मी जबाबदारीने म्हणतो.

मग क्रिकेट, सॉफ्टबॉल, बेसबॉलच्या निवड चाचणीत आपण काय करू शकतो? वहीच्या एका पानावर उभे रकाने पाडा. क्षेत्ररक्षकाची जागा. त्याच्या आवाक्यात आलेला चेंडू सोपा, मध्यम की अवघड. पोचला की नाही. पोचला तर धरला की नाही. धरल्यावर फेक कुठल्या टोकाला आणि किती सरळ. एका माणसाने एका वेळी एकाच मुलाकडे पाहायचं, बॅटकडे नाही. हे शेवटचं फार अवघड आहे, करून बघा. आपली नजर आपोआप चेंडूमागे पळते. पण चेंडू टाकला जाण्याआधी मुलगा काय करतो, पहिलं पाऊल कुठल्या दिशेला टाकतो, यात अर्धं उत्तर असतं. जो लवकर निघतो तो उभ्या उभ्या चेंडू घेतो आणि सामान्य वाटतो. जो उशिरा निघतो त्याला सूर मारावा लागतो आणि टाळ्या मिळतात. जीटरचं गुपित हेच होतं.

शक्य तिथे दोघांनी वेगवेगळं लिहावं आणि मग ताडून पाहावं. सोपा आणि अवघड याबाबत दोघांचं बरेचदा जमत नाही, आणि तो वाद चांगला आहे. मैदान कसं होतं तेही वर लिहावं. सातपुड्याच्या पायथ्याशी खडा लागून चेंडू उसळतो. तिथल्या मुलीच्या हातून सुटलेला चेंडू आणि शहरातल्या हिरवळीवर सुटलेला चेंडू एका तराजूत घालू नये. उलट मला वाटतं, खडकाळ मैदानावर वाढलेल्या मुलांचे हात मऊ असतात, कारण चेंडूचा भरवसा नाही हे ती पहिल्या दिवसापासून शिकतात. आणि सामन्यात एखाद्याकडे चेंडू गेलेच नाहीत, तर सामन्यानंतर पंधरा मिनिटं काढा. प्रत्येकाला डावीकडे, उजवीकडे, पुढे आणि डोक्यावरून सारखेच चेंडू द्या. सोलकर हिंदू जिमखान्याच्या मैदानावर वाढले, म्हणून कोणाच्या तरी नजरेला पडले. आपल्याकडच्या मुलांकडे बघायला येणारा माणूस वर्षातून एकदा येतो. त्या एका दिवशी चेंडू मुलाकडे गेला नाही, एवढ्यावर त्याचं वर्ष जाता कामा नये.

इथे सहाही तालुक्यांचे क्रीडाशिक्षक बसले आहेत. माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. येत्या हंगामात तालुका पातळीच्या चाचणीला फलंदाजीची आणि गोलंदाजीची वही नेता, तशी क्षेत्ररक्षणाची तिसरी वही सोबत न्या. ती लिहायला संघाबाहेर बसलेल्या दोन मुलामुलींना द्या. आणि निवडीच्या बैठकीत नावं वाचण्याआधी ती वही टेबलावर उघडून ठेवा.